नारळाच्या दुधात दूध कुठून आलं? दुधाची अ‍ॅलर्जी आणि पुड्यामागची बारीक अक्षरं

माझ्या मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला पाठ आहे. म्हणून त्या रविवारी वहिनीने ताक न करता तिच्यासाठी मुद्दाम सोलकढी केली. आमसुलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, नारळाचं दूध. यात गाईम्हशीचं दूध यायचं कारणच नाही. मुलीने अर्धी वाटी प्यायली आणि दहा मिनिटांत तिच्या मानेवर गांधी उठायला लागल्या. ओठ सुजला. सुदैवाने श्वासापर्यंत गेलं नाही, औषध दिलं, डॉक्टरांना दाखवलं, संध्याकाळपर्यंत ती खेळायला लागली. पण वहिनी रडवेली झाली होती. "अगं, मी थेंबभरसुद्धा दूध घातलं नाही गं!"

तिने खरंच घातलं नव्हतं. फक्त पाहुणे जास्त म्हणून नारळ खवत न बसता तिने नारळाच्या दुधाची पावडर वापरली होती. पावडर स्टीलच्या डब्यात ओतलेली आणि रिकामं पाकीट सुक्या कचऱ्याच्या पिशवीत. ते बाहेर काढून उलटं केलं तेव्हा घटकांच्या यादीत शेवटून दुसरा शब्द होता: सोडियम केसिनेट. नारळाचं दूध पावडरीत नीट सुटं राहावं, पाण्यात पटकन मिसळावं म्हणून बऱ्याच नारळ पावडरींत हा घालतात. केसिनेट म्हणजे दुधातलं प्रथिन. नाव नारळाचं, आत दूध. आणि ते छापलेलंही होतं. आमच्यापैकी कुणाला ते वाचता आलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून लेबल हा विषय मी शिकायला घेतला. ज्यांच्या घरी नुकतंच हे निदान झालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक घोळ सोडवते, कारण तो सुटला नाही तर लेबल वाचून उपयोग नाही. 'दूध पचत नाही' आणि 'दुधाची अ‍ॅलर्जी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूध न पचणं म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारा पाचकरस कमी असणं. पोट फुगतं, जुलाब होतात, त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही. अ‍ॅलर्जीत भांडण साखरेशी नसतं, प्रथिनाशी असतं. शरीराची संरक्षण यंत्रणा दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. ही प्रथिनं दोन गटांत येतात. दूध नासलं की जो चोथा होतो, ज्याचं आपण पनीर करतो, त्यात मुख्यतः केसिन असतं. आणि खाली जे हिरवट पाणी उरतं, ज्याला आपल्याकडे निवळी म्हणतात, त्यात व्हे प्रथिनं असतात. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन, बाकी व्हे. हे दोन शब्द डोक्यात पक्के बसले की लेबलवरची निम्मी कोडी सुटतात.

यावरून लगेच कळेल की 'लॅक्टोज-फ्री' दूध अ‍ॅलर्जीवाल्या मुलाला का चालत नाही. त्यात साखर मोडलेली असते, प्रथिन जसंच्या तसं. 'ए टू' दुधाचं तेच. त्यात केसिनचा एक प्रकार थोडा वेगळा असतो, पण केसिन असतंच. शेळीचं दूध औषधी, म्हणून ते चालेल, असं सांगणारे खूप भेटतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्या बहुतेकांना दुसऱ्याचीही होते. तुपावर तर घराघरात वाद होतात. तूप बहुतांशी स्निग्धच, पण बेरी गाळली तरी प्रथिनाचे अंश मागे राहू शकतात. किती राहतात ते तूप कुणी आणि कसं कढवलं यावर अवलंबून. म्हणून तूप हे तुमच्या डॉक्टरांनी स्पष्ट 'हो' म्हटल्याशिवाय दूधच समजा. सासूबाईंना हे पटायला मला वर्ष लागलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मऊ भातावर तूप न वाढता नातीला जेवायला बसवणं त्यांच्या जिवाला लागत होतं.

आता पुडा हातात घेऊ.

आपली नजर सवयीने हिरव्या ठिपक्यावर जाते. अ‍ॅलर्जीच्या कामी तो पूर्ण निरुपयोगी आहे. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच आहे. 'व्हेगन'ची खूण वेगळी, इंग्रजी व्ही अक्षर आणि त्याला पान, अशी. २०२२ च्या नियमांनुसार तो पदार्थ बनवताना प्राण्यांपासून आलेला कोणताही घटक वापरायचा नसतो. ही खूण दिसली की मला थोडं हायसं वाटतं, पण पुडा तेवढ्यावर टोपलीत जात नाही. व्हेगन खूण कशापासून बनवलं हे सांगते. शेजारच्या यंत्रावर काय चाललं होतं याची हमी ती देत नाही, आणि अ‍ॅलर्जीला तेही पुरतं.

मग पाहायची ती 'कंटेन्स'ची ओळ. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार काही अ‍ॅलर्जीकारक घटक पदार्थात असतील तर ते वेगळ्या ओळीत 'कंटेन्स' असं लिहून सांगावे लागतात. यादीत ग्लूटेनवाली धान्यं, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचवाले जीव, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा आणि सोयाबीन येतात. शिवाय एका प्रमाणावरचे सल्फाइट. ही ओळ बहुधा घटकांच्या यादीखाली असते, कधी ठळक, कधी चौकटीत. इथे 'मिल्क' दिसलं की विषय संपला, पुडा परत फळीवर.

एक अडचण मोठी आहे, आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. नियमाने लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरते. मराठी छापायची सक्ती नाही. घरात खाऊ देणारे हात मात्र अनेकदा आजीचे, शेजारच्या काकूंचे, सांभाळायला येणाऱ्या मावशींचे असतात. बारीक इंग्रजी छपाईतून त्यांनी दूध शोधावं ही अपेक्षाच चुकीची. आमच्या मावशींना मी शब्दांचा अर्थ शिकवला नाही, अक्षरांची चित्रं शिकवली. एका कार्डावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'मिल्क', 'व्हे', 'केसिन', 'बटर', 'चीज', 'घी', 'कर्ड', 'क्रीम' एवढेच शब्द लिहून फ्रीजवर लावले. यातलं एकही चित्र पुड्यावर दिसलं तर द्यायचं नाही, मला फोन करायचा. व्हेचं स्पेलिंग डब्ल्यू, एच, ई, वाय. चौथीतल्या पोरालाही ते जुळवून पाहता येतं.

'कंटेन्स'ची ओळ असताना घटकांची पूर्ण यादी वाचायची कशाला? कारण ओळ छापायला चुकू शकते, आणि जुन्या, आयात केलेल्या किंवा छोट्या उद्योगांच्या मालावर ती नसूही शकते. मी दोन्ही वाचते. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, जास्त ते आधी. पण अ‍ॅलर्जीत शेवटचा शब्दही पहिल्याइतकाच महत्त्वाचा. १०० मिलिलीटर दुधात साधारण ३ ग्रॅमच्या वर प्रथिन असतं, म्हणजे लहान चमचाभर दुधात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास. काही मुलांना तर काही मिलिग्रॅमही पुरतात.

दूध यादीत कोणकोणत्या नावांनी येतं? सगळ्यात जास्त भेटणारा शब्द म्हणजे 'मिल्क सॉलिड्स'. ग्लुकोजची बिस्किटं, पाव, टोस्ट, केक, कुठेही. मग 'स्किम्ड मिल्क पावडर', कधी नुसतं 'एसएमपी'. 'व्हे पावडर' आणि 'व्हे प्रोटीन' हे चिप्सच्या मसाल्यात, झटपट सूपात, प्रोटीन बारमध्ये. बटाट्याच्या साध्या खारवलेल्या चिप्समध्ये बहुधा दूध नसतं, पण त्याच कंपनीच्या 'क्रीम अँड ओनियन'मध्ये असतं, आणि कधी टोमॅटोच्या चवीच्या चिप्समध्येही. कारण कोरड्या मसाल्याला चव आणि गोलाई यावी म्हणून दुधाची पावडर घालतात. एक चव चालली म्हणून दुसरी चालेल असं नाही. सोडियम किंवा कॅल्शियम केसिनेट नारळ पावडरीखेरीज कॉफीत घालायच्या 'नॉन-डेअरी क्रीमर'मध्ये सापडतं. नावातच 'नॉन-डेअरी' आणि पोटात दुधाचं प्रथिन. हा शब्द मला सगळ्यात फसवा वाटतो. 'लॅक्टाल्ब्युमिन' आणि 'लॅक्टोग्लोब्युलिन' हीसुद्धा व्हेमधली प्रथिनंच. 'हायड्रोलाइज्ड' म्हणजे प्रथिनाचे तुकडे केलेलं, आणि त्याच्यापुढे व्हे किंवा केसिन असेल तर तेही दूधच.

उलटी फसगतही होते. सुरुवातीला मी 'लॅक्' दिसलं की पुडा टाकून द्यायचे आणि मुलीचं खाणं विनाकारण आक्रसत गेलं. लॅक्टिक आम्ल, लेबलवर अशा मिसळलेल्या द्रव्यांना जे क्रमांक देतात त्यांतला २७०, हे सहसा साखर आंबवून तयार करतात. सोडियम लॅक्टेट ३२५ आणि कॅल्शियम लॅक्टेट ३२७ ही त्याच आम्लाची मिठं. पावात दिसणारं ४८१, सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेट, नाव कितीही दुधाळ वाटलं तरी दुधाचं प्रथिन नव्हे. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते बहुधा सोयाबीनचं. 'कोको बटर' म्हणजे कोकोच्या बियांतलं तेल, 'पीनट बटर' म्हणजे शेंगदाण्याचं वाटण. आणि बेकरीत मिळणारं कडक गोल 'बटर', चहात बुडवून खायचं, त्यात लोणी असेलच असं नाही आणि नसेलच असंही नाही. नावावरून काहीच ठरत नाही. लॅक्टोज मात्र वेगळं. ती साखर असली तरी निवळीतून काढतात आणि प्रथिनाचे अंश तिच्यासोबत येऊ शकतात. म्हणून लॅक्टोज दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता 'मे कंटेन'. इथे मी स्वतः सगळ्यात जास्त गोंधळले होते.

'मे कंटेन मिल्क' म्हणजे रेसिपीत दूध नाही, पण कारखान्यात चुकून मिसळलेलं असू शकतं. ही ओळ टाकणं उत्पादकाच्या मर्जीवर आहे. याचे दोन अर्थ निघतात. ओळ असेल तर धोका खराच आहे असं धरा. ओळ नसेल तर धोका नाही असं मात्र धरू नका. कदाचित यंत्र वेगळं असेल, कदाचित कुणी विचारच केला नसेल. शिवाय 'ट्रेसेस ऑफ मिल्क', 'दूध हाताळणाऱ्या कारखान्यात बनवलेलं' अशा वेगवेगळ्या वाक्यांवरून धोका कमी की जास्त हे ठरवता येत नाही. वाक्य सौम्य म्हणून पदार्थ सौम्य होत नाही.

काळ्या चॉकलेटचं उदाहरण घ्या. यादीत कोको, साखर, कोको बटर, लेसिथिन, सगळं निर्धोक. पण तेच यंत्र सकाळी दुधाचं चॉकलेट बनवत असतं. आपण घरी भांडं पाण्याने घासतो तसं चॉकलेटचं यंत्र धुता येत नाही, कारण पाण्याचा अंश राहिला तरी चॉकलेट फुटतं, घट्ट होऊन बसतं. म्हणून अनेकदा पुढच्या प्रकारचं चॉकलेटच नळ्यांतून सोडून आधीचं बाहेर ढकलतात. काही ना काही मागे राहतंच. त्यामुळे काळ्या चॉकलेटच्या बाबतीत मी 'मे कंटेन'ची ओळ असो वा नसो, कंपनीला विचारल्याशिवाय घेत नाही. प्रत्येक पुड्यावर ग्राहकसेवेचा क्रमांक असतो. 'यात दूध आहे का' असं विचारलंत तर 'नाही मॅडम' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, 'याच लाइनवर दुधाचे पदार्थ बनतात का, आणि मध्ये सफाई कशी करता?' उत्तर देणारा अडखळला, तर तेही एक उत्तरच आहे.

लेबल जिथे मुकं असतं त्या जागाही ठाऊक हव्यात. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत पृष्ठभागाच्या छोट्या वेष्टणाला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती मोठ्या, बाहेरच्या पाकिटावर असते. शाळेत वाढदिवसाला एकेक टॉफी वाटतात, ती मुलीच्या हातात नुसती चांदीच्या कागदात येते. मोठं पाकीट दुसऱ्याच्या घरी. आम्ही वर्गशिक्षिकेकडे नाव घालून एक डबी ठेवली आहे, त्यात आमच्या तपासलेल्या गोळ्या. टॉफी तिने घरी आणायची आणि डबीतली गोळी तिथे खायची, असं ठरलंय. दुसरी जागा म्हणजे घटकातला घटक. यादीत समजा 'मसाला' किंवा 'चॉकलेट चिप्स' असं लिहिलंय. तो मिश्र घटक एकूण पदार्थाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या पोटात काय आहे हे यादीत उलगडायची सक्ती नाही. दूध असेल तर ते 'कंटेन्स'मध्ये यायला हवं, म्हणूनच ती ओळ वाचायचीच.

आणि जिथे लेबलच नाही, ते जग केवढं मोठं! बेकरीतली खारी आणि नानकटाई, मिठाईच्या दुकानातली काजूकतली, जिथे एकाच चाकूने पेढ्याची बर्फीही कापतात, फरसाणवाल्याचा सुटा चिवडा. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या खाद्यगृहांना अ‍ॅलर्जीची माहिती ग्राहकाला द्यावी लागते, कोपऱ्यावरच्या उडप्याला नाही. देवाच्या दारात तर नाही म्हणणं फारच अवघड. सत्यनारायणाला गुरुजी तीर्थ म्हणून हातावर पळीभर पंचामृत घालतात: दूध, दही, तूप, मध, साखर. मूल हात पुढे करतं, कारण सगळेच करतात. आम्ही आधीच गुरुजींना सांगतो, त्यांनी कधी वाईट मानलं नाही. एकांनी तर तुळशीचं पान आणि साधं पाणी वेगळ्या भांड्यात काढून ठेवलं. शिरा मात्र नाहीच.

औषधांबद्दल थोडक्यात. गोळ्यांत भर म्हणून लॅक्टोज असतं, दम्याच्या कोरड्या पावडरीच्या काही इनहेलरमध्येही असतं, आणि होमिओपॅथीच्या पुड्या बहुधा दुधाच्या साखरेच्याच. च्यवनप्राशात तूप असतं. सगळ्यांनाच याने त्रास होतो असं नाही, म्हणून चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका. पण दर वेळी डॉक्टरांना आणि औषधवाल्याला अ‍ॅलर्जी सांगा.

परदेशातल्या नातेवाइकांकडून खाऊ येतो, किंवा तुम्हीच तिकडे राहत असाल, तर तिथली पद्धत वेगळी. अमेरिकेत २००६ पासून दुधाचं नाव साध्या शब्दांत देणं बंधनकारक आहे, यादीच्या आत कंसात किंवा खाली 'कंटेन्स'मध्ये. म्हणजे दोन्हीकडे असेलच असं नाही. युरोपात आणि ब्रिटनमध्ये वेगळी ओळ शोधत बसू नका. तिथे दूध यादीतच ठळक अक्षरांत उठून दिसतं. 'मे कंटेन' तिथेही ऐच्छिकच. भावाने लंडनहून आणलेल्या बिस्किटांवर 'कंटेन्स' दिसेना म्हणून मी ती जवळजवळ उघडलीच होती.

एवढं करूनही कधीतरी चूक होते. गांधी, ओठांची सूज यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घरात हवं. पण खोकला, घरघर, आवाज बसणं, पुन्हा पुन्हा उलटी, अंग गळून जाणं यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. त्यावर पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलेलं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन. ते तुमच्याकडे ठेवावं का, कसं द्यायचं, हे आधीच डॉक्टरांकडून शिकून घ्या. १०८ ला फोन करा, मुलाला आडवं ठेवा, धाप लागत असेल तर बसतं ठेवा.

बहुतेक मुलांची दुधाची अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते. काहींना आधी केक-बिस्किटातलं भाजलेलं दूध चालू लागतं. ती चाचणी दवाखान्यात, डॉक्टरांसमोरच करायची. आमची पुढच्या उन्हाळ्यात ठरली आहे. तोपर्यंत पुडा तीनदा वाचते: दुकानात, घरी ठेवताना, उघडताना. ओळखीचा पुडा असला तरीही, कारण रेसिपी बदलते आणि वेष्टणाचा रंग तोच राहतो.

आणि डबे. आपल्या स्वयंपाकघरात सामान आलं की ते पुड्यातून डब्यात जातं आणि लेबल कचऱ्यात. तळाशी थोडं जुनं उरलेलं असतं, त्यावरच नवं ओततो, कधी दुसऱ्याच कंपनीचं. वहिनीकडे नेमकं तेच झालं होतं. आता तिच्या फळीवरच्या प्रत्येक डब्याला रबरबँडने एक कातरलेली पट्टी लावलेली असते, घटकांची यादी आणि 'कंटेन्स'ची ओळ बाहेर दिसेल अशी. नारळाच्या पावडरीच्या डब्यावर तिने लाल स्केचपेनने फुली मारली आहे. मागच्या रविवारी आम्ही गेलो, तेव्हा ती विळीवर नारळ खवत बसली होती.